शेवटच्या निप्पलला किती येतंय? पोल्ट्री अन् गोठ्याच्या पाण्यातलं क्लोरीन मापात ठेवायची पूर्ण पद्धत

मे महिन्यातली गोष्ट आहे, बॅच २६ दिवसांची, पाच हजार पक्षी, आणि दुपारी पाण्याचं मीटर बघितलं तर कालच्यापेक्षा पाव हिस्सा पाणी कमी गेलेलं. सिन्नरकडचा उन्हाळा, पक्षी चोच उघडून धापा टाकतायत आणि पाणी कमी पितात म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय हे कळत होतं. शेडच्या टोकाला जाऊन शेवटच्या निप्पलचं (पक्षी चोचीने पिन दाबून पाणी पितात ती तोटी) पाणी ग्लासात धरलं, नाकाजवळ नेलं तर स्विमिंग टँकसारखा भपकारा आला. क्लोरीन मोजायच्या ओटीचे (ऑर्थोटोलिडीन) दोन थेंब टाकले तर पिवळा सोडून सरळ नारिंगी-लाल रंग. चूक माझीच होती. आधीचा हायपोचा (सोडियम हायपोक्लोराईट, म्हणजे पातळ क्लोरीन) कॅन दोन महिने शेडच्या भिंतीला उन्हात पडून होता, त्याची ताकद उतरलेली होती आणि मी हळूहळू झाकणाचं माप वाढवत नेलं होतं, मग त्या दिवशी ताजा कॅन फोडला आणि तेच वाढवलेलं माप टाकलं. टाकी रिकामी केली, लाईन फ्लश केली, संध्याकाळपर्यंत मीटर जाग्यावर आलं. पण त्या दिवसापासून झाकणाने मोजणं बंद केलं. किती टाकलं यापेक्षा शेवटच्या निप्पलला किती पोचलं हे बघायला लागलो, आणि हा सगळा लेख त्याबद्दलच आहे. आमच्याकडे सोबत चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई पण आहेत, त्यामुळे गोठ्याचं पण शेवटी सांगतो.

आधी पाणी तपासा, मग औषधाचं बघू

वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात अन् एकदा पावसाळ्यात, पाण्याचा नमुना लॅबला द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅब आहेत, जिल्ह्याची सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, तिथे होतं काम. जंतूंच्या टेस्टसाठी बाटली लॅबचीच निर्जंतुक घ्या, कोल्ड्रिंकची बाटली धुऊन नेली तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. आणि दोन नमुने द्या, एक बोअरवरचा अन् एक शेवटच्या निप्पलचा. बोअरचा चांगला अन् निप्पलचा वाईट आला तर गडबड तुमच्या टाकीत किंवा पाईपात आहे हे तिथेच समजतं.

रिपोर्टमध्ये पाच गोष्टी बघायच्या: पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कलाईन याचं माप), हार्डनेस, टीडीएस (विरघळलेले क्षार), लोह आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू). माणसांच्या पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००:२०१२ म्हणतं की पीएच ६.५ ते ८.५, ई. कोलाय १०० मिलीमध्ये एकही नको. मी जनावरांसाठी पण हेच धरतो.

लोहाकडे लक्ष द्या. बोअरच्या पाण्यात लोह असलं की क्लोरीन आधी त्याच्यावरच खर्च होतं, पाणी तांबूस होतं आणि तो गाळ निप्पलच्या पिनमध्ये अडकून निप्पल गळायला लागतात, खाली लिटर (पक्ष्यांखालचं अंथरूण) ओलं, अमोनिया वाढला, असं एकातून एक होत जातं. अशा ठिकाणी आधी फिल्टर लागतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, मगच क्लोरीन. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड राहतात आणि औषध वाया जातं.

पीएच समजला नाही तर पुढचं सगळं वाया

क्लोरीन पाण्यात पडलं की त्याची दोन रूपं होतात, एक जंतू मारण्यात जोरदार अन् दुसरं अगदी मंद. कोणतं जास्त राहील हे पीएच ठरवतो. पीएच ६.५ असेल तर साधारण ९० टक्के क्लोरीन जोरदार रूपात राहतं, ७.५ ला निम्मं, आणि ८.५ ला जेमतेम १० टक्के. म्हणजे सोलापूर-मराठवाड्याकडच्या ८ च्या वरच्या बोअरच्या पाण्यात तुम्ही ५ पीपीएम (लिटरमागे ५ मिलिग्रॅम) टाकलंत तरी कामाचं त्यातलं थोडंच. त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) अन् हायपो दोन्ही स्वतः अल्कलाईन, पीएच अजून थोडा वर ढकलतात.

म्हणून पीएच जास्त असेल तर अ‍ॅसिडिफायरने (पाण्यात टाकायचं अ‍ॅसिड) ६ ते ६.८ च्या दरम्यान आणायचा आणि मग क्लोरीन. इथे एक गोष्ट जिवावरची आहे, नीट वाचा. अ‍ॅसिड आणि क्लोरीनचं घट्ट द्रावण एका बादलीत कधीही मिसळायचं नाही. विषारी क्लोरीन गॅस निघतो, बंद मेडिसिन रूममध्ये माणूस जागेवर कोसळू शकतो. अ‍ॅसिड टाकीतल्या पूर्ण पाण्यात टाकून ढवळायचं, क्लोरीन पुढे वेगळ्या डोसरने (लाईनच्या पाण्यात मापात औषध सोडणारं यंत्र) द्यायचं. बादल्या वेगळ्या, मोजायचे मग पण वेगळे, ढवळायच्या काठ्या पण वेगळ्या, आणि हे शेडवर काम करणाऱ्या माणसाला दोनदा समजावून सांगा, कारण बऱ्याचदा हे काम तोच करतो. नुसतं अ‍ॅसिड देऊन क्लोरीन बंद ठेवायचं असं पण करू नका, अशा लाईनमध्ये बुरशीचा बुळबुळीत थर धरतो.

कोणतं औषध घ्यायचं

टीसीएल पावडर ताजी असेल तर त्यात क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, पण पिशवी उघडी राहिली, ओल लागली की भराभर उतरतं. हायपो १० टक्क्यांच्या आसपासचा मिळतो, वापरायला सोपा, पण ऊन अन् उष्णता त्याला अजिबात सहन होत नाही, माझी गोष्ट वर सांगितलीच आहे. कॅन सावलीत, झाकण घट्ट, वर मार्करने उघडल्याची तारीख. मोठे कॅन स्वस्त पडतात म्हणून घेऊ नका, महिन्यात संपेल एवढाच घ्या. स्विमिंग पूलच्या ९० टक्केवाल्या गोळ्या स्वस्त दिसतात पण त्यातून पाण्यात सायन्युरिक अ‍ॅसिड पण जातं, मी त्या वापरत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साईड चांगलं आहे, विशेषतः लाईन धुवायला, पण क्लोरीनसोबत नको, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. एक चालू करायचं तर दुसरं बंद करून लाईन फ्लश करून मगच.

फिनाईल, फॉर्मलिन, ग्लुटाराल्डिहाईड हे शेड धुवायचे, फ्युमिगेशनचे, ते पिण्याच्या पाण्यात कधीच नाही. दुकानदार म्हणाला "सगळ्याला चालतं" तरी लेबल वाचा. आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांतल्या शेड्यूल ओ मध्ये काळ्या-पांढऱ्या फिनाईलसारख्या द्रावणांची मानकं आहेत, म्हणजे ती फरशी-भिंतीची औषधं. युरोपात तर २०१२ च्या ५२८ नंबरच्या कायद्यात जनावरांच्या जागेसाठीची जंतुनाशकं प्रकार ३ मध्ये अन् माणसा-जनावरांच्या पिण्याच्या पाण्याची प्रकार ५ मध्ये अशी चक्क वेगवेगळी टाकलीत, एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. हीच फोड डोक्यात ठेवून डबा हातात घ्यायचा. लेबलवर जनावरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी असं स्पष्ट लिहिलंय का, त्यात नेमकं काय अन् किती टक्के आहे, दर हजार लिटरला डोस किती, बॅच नंबर, एक्सपायरी. टक्केवारीच लिहिलेली नसेल तर तो डबा परत द्या, ज्याची ताकद माहीत नाही त्याचं माप कसं काढणार.

बादल्यांची टेस्ट: डोस स्वतः काढा

हे एकदा केलं की झाकण-मगाची अंदाजपंचे पद्धत सुटते. तासाभराचं काम आहे. सहा स्वच्छ प्लास्टिकच्या बादल्या घ्या, प्रत्येकीत तुमचं नेहमीचं पाणी बरोबर १० लिटर. अ‍ॅसिड वापरत असाल तर ते टाकलेलं पाणी घ्या.

आता द्रावण बनवा. हायपो असेल तर १० मिली हायपोत पाणी घालून एकूण १ लिटर करा. टीसीएल असेल तर ३ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात ढवळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, चुना खाली बसला की वरची निवळी घ्या. माल ताजा असेल तर या द्रावणाच्या १० मिलीने १० लिटरच्या बादलीत साधारण १ पीपीएम होतं. औषधाच्या दुकानातली सिरिंज घ्या अन् बादल्यांमध्ये १०, २०, ३०, ४०, ५०, ६० मिली टाका, ढवळा, सावलीत अर्धा तास ठेवा. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, जंतू मरायला अन् लोह-घाणीने आपला वाटा खायला तेवढा वेळ लागतो.

मग प्रत्येक बादली तपासा. समजा पहिल्या दोन बादल्यांत काहीच रंग नाही, तिसरीत फिका अन् पाचवीत ३ पीपीएम आलं, तर तुमचा डोस पाचव्या बादलीचा, ५० मिली. आता हिशोब सोपा: हायपोवाल्यांनी बादलीत जेवढे मिली द्रावण टाकलं तेवढेच मिली हायपो हजार लिटर टाकीला, म्हणजे ५० मिली. टीसीएलवाल्यांनी बादलीतल्या दर १० मिलीला हजार लिटरमागे ३ ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅम. आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की पावडर जुनी असली, हायपो उतरलेला असला तरी उत्तर बरोबरच येतं, कारण टेस्ट त्याच डब्यातल्या मालाची केलीय. म्हणून नवा कॅन फोडला की परत टेस्ट, यात हयगय नको.

गावच्या टाकीत ग्रामपंचायत साधारण हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल धरते, तो आकडा उचलून पोल्ट्रीत वापरणारे बरेच आहेत. तो माणसांसाठी आहे आणि गावाच्या पाण्याला पुरत असेल, पण गरम शेडमधल्या संथ लाईनला शेवटपर्यंत पोचायला तो पुरतोच असं नाही.

डोसर वापरत असाल अन् सेटिंग १ टक्का असेल तर हजार लिटरचा जो आकडा आला तोच १० लिटर स्टॉकच्या बादलीत टाकायचा. सेटिंग १ टक्काच आहे का हे मात्र स्वतः तपासा: डोसरने १०० लिटर पाणी गेलं की बादलीतून १ लिटर उचललं गेलं पाहिजे. आमचा एकदा निम्मंच उचलत होता, आतलं सील गेलेलं. स्टॉक रोज सकाळी ताजा करा अन् बादली झाकून ठेवा. टीसीएलचा स्टॉक असेल तर फक्त निवळीच, नाहीतर चुन्याने डोसर अन् निप्पल दोन्ही बसतात.

मोजायचं कसं

ओटी टेस्ट सगळ्यांना माहीत आहे, गावच्या जलसुरक्षकाकडे किट असतंच, पाहिजे तर त्याच्याकडून एकदा शिकून घ्या. पिवळा रंग येतो. थेंब टाकल्यावर पहिल्या काही सेकंदांतच रंग बघायचा, तो मोकळ्या क्लोरीनचा, पाच-दहा मिनिटांनी बघितला तर अमोनियाशी बांधलं गेलेलं क्लोरीन पण रंगात येतं आणि आकडा फसवा मोठा दिसतो. ओटीचं रसायन हाताला लागू देऊ नका, ग्लोव्ह्ज घाला, टेस्ट केलेलं पाणी जनावरांच्या आसपास ओतू नका. जमलं तर डीपीडी किट घ्या, गुलाबी रंग येतो अन् मोकळं क्लोरीन वेगळं कळतं. त्यात एक खाच आहे: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि नळी पांढरीच दिसते, बघणाऱ्याला वाटतं क्लोरीनच नाही अन् तो अजून टाकतो. संशय आला तर नमुन्यात दहापट साधं पाणी घालून परत टेस्ट करा.

ब्रॉयलरच्या ब्रीड कंपन्यांच्या गाईडमध्ये सगळ्यात लांबच्या ड्रिंकरला ३ ते ५ पीपीएम मोकळं क्लोरीन धरतात, मी ३-४ वर ठेवतो. ओआरपी मीटर (पाण्याची जंतू मारायची ताकद मिलीव्होल्टमध्ये दाखवणारं) असेल तर ६५० मिलीव्होल्टच्या वर पाहिजे. पीपीएम बरोबर आहे पण ओआरपी ५०० च्या खाली अडकलाय असं दिसलं तर पहिला संशय पीएचवर घ्या.

नमुना घ्यायची पद्धत पण सांगतो: सगळ्यात लांबच्या लाईनचा शेवटचा निप्पल, सकाळी लाईट लागायच्या आधी किंवा पहिल्या फ्लशच्या आधी, कारण रात्रभर उभ्या पाण्यात काय उरलं ते आपल्याला बघायचंय. टाकीत ४ अन् टोकाला १ आलं तर वर औषध वाढवू नका. मधे पाईपात कुठेतरी ते खाल्लं जातंय, म्हणजे आत थर धरलाय. शेवटची कॅप काढा अन् बोट घालून बघा, बोटाला कफासारखं बुळबुळीत लागलं तर उत्तर मिळालं.

पिल्लांचे पहिले आठ दिवस

इथे सगळ्यांचीच गडबड होते. २०० फुटी शेडमधली एक निप्पल लाईन साधारण १९ लिटर पाणी धरते, चार लाईनी म्हणजे पाऊणशे लिटर. मोठे पाच हजार पक्षी उन्हाळ्यात दीड-दोन हजार लिटर पितात, त्यामुळे लाईनमधलं पाणी सतत हलतं. पण एक दिवसाचं पिल्लू पिणार किती, चार-पाच छोटे चमचे. म्हणजे तेच पाणी ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणारा हीटर) ३२-३३ डिग्रीला तासन् तास उभं. क्लोरीन उडून जातं आणि वर बऱ्याच वेळा त्याच पाण्यात ग्लुकोज, व्हिटॅमिन दिलेलं असतं, जंतूंना त्याहून चांगलं काय पाहिजे. पहिले आठ दिवस दिवसातून दोन-तीन वेळा लाईन फ्लश करा, गोड काहीही दिलं की ते संपल्यावर लगेच फ्लश. औषधाचा डोस वाढवून हे भागत नाही.

लसीच्या दिवशी क्लोरीन शून्य

लासोटा (राणीखेत रोगाची), गंबोरो या पाण्यातून द्यायच्या लसी जिवंत विषाणूंच्या असतात. आपण पाण्यात जे टाकतोय ते विषाणू मारायलाच, मग लस कशी जगणार. माझ्या एका मित्राच्या शेडवर मालकाने क्लोरीन बंद करायला सांगितलं होतं पण सकाळी माणसाने सवयीने टाकीत निवळी ओतली आणि वर लस दिली, तीन आठवड्यांनी गंबोरोने मर लागली तेव्हा सगळं उलगडलं. म्हणून आमच्याकडे लसीच्या दोन दिवस आधी क्लोरीनचा कॅन घरी आणून ठेवतो, शेडवर ठेवतच नाही.

क्रम असा: ४८ तास आधी क्लोरीन अन् अ‍ॅसिड बंद (लसीच्या कागदावर ७२ लिहिलं असेल तर ७२). टाकी साध्या पाण्याने घासा, साबण-पावडर नको. लसीच्या सकाळी शेवटच्या निप्पलची टेस्ट घ्या, रंग अजिबात आला नाही पाहिजे. दर लिटरला २ ते २.५ ग्रॅम स्किम मिल्क पावडर घालून वीस मिनिटं थांबा, काही उरलेलं क्लोरीन असेल तर दूध खातं. मग लस. पक्ष्यांना तहान लागावी म्हणून पाणी आधी किती वेळ तोडायचं हे उन्हावर ठरवा, कडक उन्हात अर्धा-पाऊण तास पुष्कळ. लसीचं पाणी दोन तासांत संपलं पाहिजे. पुढचे २४ तास साधं पाणी, मग फ्लश, मग क्लोरीन चालू. पाण्यातून अँटिबायोटिक किंवा प्रोबायोटिक द्यायचं असेल तेव्हा पण डॉक्टरांना विचारून क्लोरीन बंद ठेवा.

बॅच गेल्यावर लाईन धुणं

शेड रिकामं असतं तेव्हाच हे होतं, पक्षी आत असताना कधीच नाही. आधी नुसत्या पाण्याने जोरात फ्लश, मग स्टॅबिलाइज्ड हायड्रोजन पेरॉक्साईडचं ३ टक्के द्रावण भरा, शेवटच्या निप्पलची पिन दाबून तिथे द्रावण आलं हे खात्री करा, २४ ते ७२ तास तसंच राहू द्या. ग्लोव्ह्ज अन् चष्मा लागतोच, घट्ट पेरॉक्साईडने कातडी पांढरी पडून भाजते. जुने रेग्युलेटर असतील तर लेबलवर चालतं का ते बघून घ्या. मग भरपूर फ्लश, घाणीचे तुकडे बाहेर पडतील, ते थांबेपर्यंत पाणी सोडत राहा आणि नंतर एकेक निप्पल टिचकी मारून बघा, सुटलेला थर पिनमध्ये अडकून बरेच निप्पल बंद पडलेले सापडतात. हे पिल्लं यायच्या आधी सापडलेलं बरं.

गोठ्याचं वेगळं

गाईला एवढं क्लोरीन लागत नाही. दुधाची गाय दर लिटर दुधामागे ३ ते ५ लिटर पाणी पिते, १५ लिटरवाली एचएफ उन्हाळ्यात सहज ७०-८० लिटर ओढते, आणि पाण्याला वास आला की ती तोंड फिरवते, दूध दुसऱ्याच वेळेला कमी दिसतं. मी टाकीत ०.५ ते १ पीपीएम ठेवतो, तेवढंच. हौदात क्लोरीन टिकवायच्या नादी लागू नका, गाईच्या तोंडातलं वैरणीचं पाणी, लाळ, पेंडीचा चुरा त्यात पडतच राहतो आणि क्लोरीन मिनिटांत संपतं. हौदाला घासणं हेच औषध आहे. दर रविवारी हौद रिकामा, काथ्याच्या ब्रशने घासणं, महिन्यातून दोनदा आतून चुना मारून वाळवणं, शेवाळ धरत नाही.

वही

शेडच्या दारात खिळ्याला वही टांगलीय, पेन दोरीला बांधलेलं. रोजची एक ओळ: तारीख, मीटरचं रीडिंग, पीएच, टाकीत पीपीएम, शेवटच्या निप्पलला पीपीएम, काय टाकलं. कालची ओळ अशी आहे: पक्षी १९ दिवस, पाणी ९४० लिटर, पीएच ६.७, टाकीत ४, टोकाला ३, तीन नंबर लाईनला मात्र २. आज संध्याकाळी तीन नंबरची कॅप काढून बघायचीय.